एम्सच्या काकांना, जॅक ट्राइसची ओळख करून दिल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सर्वांसमोर लिहिते आहे. तुम्ही मला जे सांगितलंत, ते आपल्याकडच्या कृषी महाविद्यालयांतल्या मुलामुलींपर्यंत पोचावं अशी फार इच्छा आहे.

कोल्हापूरहून अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एम्स गावी शिकायला आले, तेव्हा इथल्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर एवढं एकच नाव मला ठाऊक होतं. मराठी वाचकाला तो घरचाच. १८९१ मध्ये आयोवा कृषी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आयोवा स्टेट विद्यापीठात, आलेला पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी. पण हाच कार्व्हर महाविद्यालयाच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या खेळाडूंना मालिश करायचा, हे तुमच्याकडून कळलं! १८९५ मध्ये याच संघाने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाला ३६-० असं लोळवलं आणि शिकागोच्या वर्तमानपत्राने त्याला चक्रीवादळाची उपमा दिली. तेव्हापासून हे 'सायक्लोन्स'.

मग तुम्ही मला जॅक ट्राइसकडे नेलंत. माझ्याच विषयाचा विद्यार्थी, पशुसंवर्धनाचा. शिकून दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या उपयोगी पडायचं, हे त्याने ठरवलं होतं. महाविद्यालयाचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. ६ ऑक्टोबर १९२३ ला मिनेसोटा विद्यापीठाविरुद्धच्या फुटबॉल सामन्यात पूर्वार्धातच त्याचं कॉलरबोन मोडलं, तरी तो मैदानातून हटला नाही. उत्तरार्धात तो खाली पडला आणि समोरचे खेळाडू त्याला तुडवत गेले. ८ ऑक्टोबरला तो वारला. वय अवघं २१.

सामन्याच्या आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर त्याने लिहिलेली चिठ्ठी विद्यापीठाच्या ग्रंथालयाने जपली आहे. आपल्या वंशाची, घराची आणि स्वतःची इभ्रत पणाला लागली आहे, सगळ्यांना माझ्याकडून मोठी अपेक्षा आहे आणि ती मी पुरी करणारच, असं त्याने लिहिलं होतं. वाचताना मला पुढे जाववेना, तेव्हा उरलेल्या ओळी तुम्ही वाचून दाखवल्यात. त्याबद्दल मी तुमची कायमची ऋणी आहे.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचे आहेत. ट्राइसच्या पुतळ्यापाशी उभं राहून फोटो काढला की बहुतेकांचं काम संपतं. तुम्ही मात्र मधली सगळी वर्षं सांगितलीत. स्टेडियमला ट्राइसचं नाव द्या, ही मागणी १९७० च्या दशकात विद्यार्थ्यांनी उचलली. १९७५ मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं, पण नाव काही मिळालं नाही. १९८४ मध्ये फक्त आतल्या मैदानाला मिळालं, आणि अख्खं स्टेडियम त्याच्या नावाचं व्हायला १९९७ उजाडलं. एक तुकडी पदवी घेऊन गेली की पुढचीने तेच निवेदन पुन्हा हाती घ्यायचं! त्या विद्यार्थ्यांची चिकाटी मला कुठल्याही विजयाहून मोठी वाटते.

काका, माझ्या जुन्या कॉलेजच्या मुलांशी पुढच्या महिन्यात ऑनलाइन बोलायचं ठरलं आहे. ट्राइसबद्दल मी सांगेन. पण त्या निवेदनांबद्दल तुम्हीच बोला, एवढी विनंती. काकूंनाही नमस्कार सांगा.

तुमची,
पशुविज्ञान विभागातली कोल्हापूरकर