आपल्या डेपोतल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या 64 घरांसाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे हे पण पूर्ण वाचा, आणि वाचून झालं की तुमच्या गल्लीत, वस्तीवर, शेताच्या बांधावर जो भेटेल त्याला सांगा.

काल 13 मार्च 2022 ला संध्याकाळी मारुती मंदिरात आपल्या मदत समितीची बैठक झाली. समिती म्हणजे कोण तर चार निवृत्त शिक्षक, दोन किराणा दुकानदार, एक मेडिकलवाले, बचत गटाच्या ताया आणि कॉलेजची सात-आठ पोरं, कुठल्याही पक्षाचा बॅनर नाही. नोव्हेंबरपासून आपण संपातल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या घरांना धान्य पोचवतोय. जानेवारीपर्यंत बरं चाललं होतं पण फेब्रुवारीत यादी 41 घरांवरून 64 वर गेली आणि देणारे हात मात्र कमी झाले, त्यात कुणाचा दोष नाही, चार महिने कोण किती देणार. आज आपल्याकडे फक्त 19 किट शिल्लक आहेत. मंगळवारपासून दहावीचे पेपर आहेत, गुरुवारी होळी आहे, आणि या 64 घरांत पगार आलेला नाही.

आमच्यातल्या एका दुकानदाराने बैठकीत उधारीची वही काढून दाखवली. एका कंडक्टरचं पान आहे, नोव्हेंबरमध्ये गहू, तूरडाळ, शेंगदाणे, तेलाचा पाच लिटरचा कॅन असं सगळं व्यवस्थित. डिसेंबरात कॅनच्या जागी एक लिटरची पिशवी आली. जानेवारीत डाळ निम्म्यावर. फेब्रुवारीच्या पानावर फक्त चहा पावडर, मीठ, साखर पाव किलो, परत चहा पावडर. आणि मार्चचं पान कोरं, म्हणजे माणसाने उधारी मागायला येणंच बंद केलं. दुकानदार म्हणाला मी त्याला कधी नाही म्हणालो नव्हतो हो, तोच लाजून यायचा बंद झाला. हा माणूस 17 वर्षं आपल्या रूटवर मुक्कामी गाडीला होता, रात्री गावात गाडी लावून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर झोपायचा, पहाटे साडेपाचला दुधाच्या किटल्या आणि कॉलेजची पोरं घेऊन निघायचा, कुणाकडे सुट्टे नसले तर तिकिटाच्या मागे लिहून द्यायचा आणि परतीला न विसरता द्यायचा. आता तो रात्री बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उचलतो. घरी खाकी ड्रेस इस्त्री करून कपाटात टांगलेला आहे, त्याच्या बायकोने दाखवला.

बरेच जण विचारतात की सर हा संप कशासाठी चाललाय ते तरी सांगा, म्हणून थोडक्यात सांगतो. एसटी ही सरकारची आहे असं आपण सगळे समजतो पण कागदावर ती 1950 च्या कायद्याने बनलेलं वेगळं महामंडळ आहे, त्यामुळे ड्रायव्हर-कंडक्टर राज्य सरकारचे कर्मचारी नाहीत, सातवा वेतन आयोग त्यांना लागू नाही. नवीन लागलेल्या पोरांच्या हातात महिन्याला बारा-पंधरा हजार यायचे, तेही कधी वेळेवर कधी नाही. आणि तोटा म्हणाल तर संचित तोटा 12 हजार कोटींच्या आसपास गेलाय हे खरं आहे, पण तो काही कंडक्टरने खिशात घातलेला नाही. म्हातारी माणसं, विद्यार्थी, अपंग, पेशंट अशा कितीतरी सवलती सरकारने ठरवायच्या आणि एसटीने चालवायच्या, खेड्यातल्या पोरींना अहिल्याबाई होळकर योजनेत शाळेचा पास फुकट, आणि ते झालंच पाहिजे, माझ्या पुतणीचं शिक्षण त्याच पासावर झालं. पण त्या सवलतींचे पैसे थकतात, वरून 17.5 टक्के प्रवासी कर सरकारला भरायचा, डिझेल वाढतंय, आणि कोरोनात महिनोनमहिने गाड्या उभ्या. त्यामुळे कामगार म्हणतात की आम्ही सरकारचंच काम करतोय तर आमचा पगार सरकारच्या बजेटमधून द्या, विलीनीकरण करा, म्हणजे एसटी राज्य सरकारमध्येच सामील करून घ्या. आंध्र प्रदेशने 1 जानेवारी 2020 पासून आपल्या आरटीसीच्या, म्हणजे तिकडच्या एसटीच्या कर्मचाऱ्यांना सरकारी सेवेत घेतलं, म्हणून यांना वाटतं की तिकडे होऊ शकतं तर इथे का नाही.

दुसरी गोष्ट पगाराएवढीच महत्त्वाची आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. एसटीत पूर्वीपासून दर चार वर्षांनी मान्यताप्राप्त संघटना आणि महामंडळ समोरासमोर बसून वेतन करार करायचे. 2016 ते 2020 चा करार असा सह्या होऊन झालाच नाही, 2017 च्या दिवाळीत त्यावरून चार दिवस संप झाला, तो हायकोर्टाने बेकायदा ठरवला, आणि जून 2018 मध्ये सरकारने 4,849 कोटींची वाढ एकतर्फी जाहीर केली. आकडा मोठा होता पण कामगाराला विचारून ठरलेला नव्हता. 2020 चा करार तर कोरोनात राहूनच गेला. माझ्या मते या संपाचं मूळ इथे आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये संघटनांच्या कृती समितीने 28 टक्के महागाई भत्ता मिळाल्यावर उपोषण मागे घेतलं तरी डेपोतल्या माणसांनी ऐकलं नाही कारण टेबलावर आपलं कोणी बोलतंय हा विश्वासच उरला नव्हता. दिवाळीनंतर बघता बघता राज्यातले अडीचशेच्या अडीचशे डेपो बंद पडले. त्याआधी आणि नंतर किती जणांनी जीव दिला ते तुम्ही पेपरात वाचलंच असेल, म्हणून तर कामगार याला संप म्हणत नाहीत, दुखवटा म्हणतात. स्टँडसमोर संपवाल्यांच्या पेंडॉलमध्ये पण फळ्यावर तेच लिहिलंय, दुखवटा दिवस अमुक, रोज सकाळी आकडा बदलतो.

सरकारने काहीच दिलं नाही असं मी म्हणणार नाही. 24 नोव्हेंबर 2021 ला मूळ पगारात वाढ जाहीर झाली, दहा वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना 5 हजार, वीसपर्यंतच्यांना 4 हजार, त्यावरच्यांना अडीच हजार, आणि दर महिन्याच्या 10 तारखेच्या आत पगार देऊ असं परिवहन मंत्री अनिल परब बोलले. चांगली वाढ होती. काही जण त्यावर कामावर गेले, बाकीचे म्हणाले आता उठलो तर परत कोणी विचारणार नाही. मग निलंबन, बडतर्फी, मेस्मा (अत्यावश्यक सेवेत संपाला बंदी घालणारा कायदा) लावू असे इशारे. विलीनीकरणाचा विचार करायला हायकोर्टाच्या आदेशाने नेमलेल्या समितीचा रिपोर्ट याच महिन्यात विधानसभेत आला, विलीनीकरण शक्य नाही म्हणून. शुक्रवारी बजेट झालं त्यात 3 हजार नव्या बसगाड्या आणि 103 स्टँड नवे करायचं आहे, त्याचा आनंदच आहे, आपल्या स्टँडचं छत गेली दोन पावसाळे गळतंय. पण गाडी नवी आली तरी स्टेअरिंगवर माणूस लागतो, आणि तो माणूस आज उपाशी आहे. हायकोर्टात केस चालू आहे, निकाल काय लागायचा तो लागेल.

आता जे चिडलेत त्यांच्याशी बोलतो. तुमचा राग मला समजतो. वरच्या वाड्यांवरच्या पोरी चार-चार किलोमीटर चालत शाळेत येतायत, काहींची शाळा सुटली, डायलिसिसच्या पेशंटला जिल्ह्याला न्यायचं तर जीपवाले मागतील ते द्यावं लागतं. विलीनीकरण तुम्हाला पटत असेल किंवा नसेल, पगार बजेटमधून द्यायचा तर बाकीच्या गोष्टींचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न पण खरा आहे आणि तो विधानसभेत सुटेल, आपल्या ओट्यावर नाही. पण माणूस भुकेने मोडून कामावर परत यावा हे मला अजिबात मान्य नाही. बोलून, पटवून, कोर्टाच्या निकालाने यावा. आणि ज्यांनी ड्युटी जॉईन केली त्यांना पण कोणी टाकून बोलू नका. मागच्या आठवड्यात पेंडॉलजवळ त्यावरून बाचाबाची झाली ते चांगलं झालं नाही, आजारी आई घरात असलेल्या माणसाने काय करायचं. आपल्या यादीत कामावर गेलेल्यांची पाच घरं अजून आहेत कारण कापून, हप्ते जाऊन त्यांच्या हातात काही पडलेलं नाही, आणि ती घरं यादीत राहणार हे कालच्या बैठकीत एकमताने ठरलं.

काय लागणार आहे ते सांगतो. एका किटमध्ये 10 किलो गहू, 5 किलो तांदूळ, 2 किलो तूरडाळ, 2 लिटर तेल, साखर, चहा, मीठ, साबण असतं, युक्रेनच्या युद्धाने तेल एकदम चढलं त्यामुळे किट आता साधारण साडेबाराशेला पडतं. 64 घरांना 19 किट आहेत, म्हणजे 45 कमी आहेत. पूर्ण किट नाही जमलं तर पायलीभर ज्वारी द्या, एक पिशवी तेल द्या, शेतात हरभरा निघालाय त्यातला डबाभर द्या, सगळं चालतं. ज्यांच्या घरी बारावी झालेली पोरं आहेत त्यांनी दहावी-बारावीची जुनी गाइडं, कंपास, पॅड बचत गटाच्या ताईंकडे द्या, यादीतल्या घरांत 11 मुलं दहावीला आहेत. यंदा परीक्षा आपल्याच शाळेत आहे हे बरं झालं, तरी वाड्यांवरच्या पाच मुलांना पेपरच्या दिवशी सकाळी मोटरसायकलवर आणून सोडायला माणसं हवीत, पेट्रोल समिती देईल. मेडिकलवाल्यांनी शुगर-बीपीच्या गोळ्या खरेदीच्या भावात द्यायचं कबूल केलंय, त्या खर्चासाठी वेगळा डबा आहे.

रोख पैसे दिले तर पावती घ्या, पावती घेतल्याशिवाय कोणालाही देऊ नका, आमच्यापैकी कोणी मागितले तरी. हिशोब दर रविवारी मंदिराच्या फळ्यावर लागतो, कोणाला किती गेलं हे लिहितो पण घेणाऱ्याचं नाव लिहीत नाही, आणि वाटपाचे फोटो काढायचे नाहीत. डिसेंबरात एकाने काढून सगळीकडे टाकले आणि त्या घरातली मुलगी दोन दिवस शाळेत गेली नाही.

अजून एक विनंती, पैशाची नाही. तुमच्या शेजारी एसटीवाला राहत असेल तर दिवसातून एकदा हाक मारा, चहाला बोलवा. गप्प झालेला वाटला, जेवत नाही, घराबाहेर पडत नाही असं दिसलं तर त्याला एकटं सोडू नका आणि आम्हाला रात्री कितीही वाजता उठवा, आपल्या इथले एक डॉक्टर बोलायला तयार आहेत.

सामान रोज सकाळी 8 ते 11 आणि संध्याकाळी 5 ते 8 स्टँडसमोरच्या पेंडॉलमध्ये किंवा दोन्ही किराणा दुकानांत घेतलं जाईल. बुधवारी रात्री मंदिरात किट भरायचे आहेत, ज्यांना जमेल त्यांनी जेवून या, येताना रिकामी पोती आणि सुतळी आणा, मागच्या वेळी कमी पडली होती. गुरुवारी होळी पेटायच्या आधी सगळ्या 64 घरी पोचलं पाहिजे.