गॅरी न्यूमनविषयी

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

सिंथपॉप म्हणजे यंत्रांचे संगीत, त्यात माणूस शोधायचा कुठे, असे तू मागच्या पत्रात विचारले होतेस. त्यावर वाद घालण्यापेक्षा मी गॅरी न्यूमन या ब्रिटिश संगीतकाराची कारकीर्द तुझ्यापुढे ठेवतो, कारण गीतकार, गायक आणि ध्वनिमुद्रणाचा निर्माता या तिन्ही जबाबदाऱ्या त्याने स्वतः पेलल्या.

१९५८ साली लंडनमध्ये जन्मलेला हा तरुण १९७८ मध्ये ट्यूबवे आर्मी या आपल्या बँडचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित करायला गेला, तेव्हा त्याच्या डोक्यात गिटारवरचे पंक संगीत होते. स्टुडिओत कोणीतरी भाड्याने आणलेला मिनिमूग सिंथेसायझर (विजेवर सूर निर्माण करणारे पट्ट्यांचे वाद्य) परत न्यायचा राहून गेला होता. न्यूमनने सहज एक पट्टी दाबली आणि असा भरदार खर्ज निघाला की सोबत आणलेली गाणी त्याने त्या वाद्यासाठी बदलायला घेतली. त्याची बटणे आधी वेगळी लावलेली असती तर आपण कदाचित पुन्हा गिटारकडेच वळलो असतो, असे तो सांगत आला आहे.

पुढच्याच वर्षी 'रेप्लिकाज' या अल्बममधले 'आर फ्रेंड्स इलेक्ट्रिक?' हे गाणे ब्रिटनमध्ये चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. पाच मिनिटांहून लांब, गुणगुणण्याजोगे ध्रुवपद नाही, मध्येच बोलल्यासारखी कडवी; आणि तरीही! दोन अपुरी गाणी जोडून ते बनले होते, आणि घरच्या बेसूर पियानोवर चाल बसवताना चुकून लागलेला एक सूर अधिक चांगला वाटला म्हणून त्याने तो तसाच ठेवला. मला त्याच्यातला निर्माता इथे दिसतो: आपण योजलेले बाजूला सारून कानाला पटलेले स्वीकारणारा. 'द प्लेझर प्रिन्सिपल' या अल्बममध्ये त्याने गिटार पूर्ण वगळली, पण ड्रम यंत्राकडे न सोपवता सेड्रिक शार्पली या हाडामांसाच्या ड्रमवादकाकडे दिले, आणि त्या थंड सुरांखाली जी धग जाणवते ती त्यामुळेच.

रंगमंचावरचा त्याचा निर्विकार चेहरा समीक्षकांना ढोंग वाटला. प्रत्यक्षात तो धास्तावलेला असे, आणि आपल्याला अ‍ॅस्परजर्स (स्वमग्नतेचा एक प्रकार) असल्याचे त्याने पुढे मोकळेपणाने सांगितले. १९८१ मध्ये लंडनच्या वेंब्लीला निरोपाचे कार्यक्रम करून त्याने दौरे थांबवले. ती घाई त्याला महागात पडली. नंतरची दहा वर्षे उतरणीची, स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढूनही आणि काळाच्या चालीवर चालून पाहूनही. १९९४ च्या 'सॅक्रिफाइस' या अल्बममध्ये मात्र गाणे खपावे ही चिंता सोडून त्याने स्वतःला हवे तेच काळोखे, जड संगीत लिहिले, आणि माझ्या मते तिथून तो सावरला.

पुढे नाइन इंच नेल्स या अमेरिकन बँडने त्याचे गाणे गायले, शुगाबेब्स या ब्रिटिश गायिकांच्या गटाच्या २००२ च्या पहिल्या क्रमांकाच्या गाण्याखाली त्याचीच जुनी चाल वाजत होती, आणि २०१७ चा त्याचा 'सॅव्हेज' हा अल्बम ब्रिटनच्या खपाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्याच वर्षी त्याला आयव्हर नोव्हेलो हा गीतकार-संगीतकारांना दिला जाणारा ब्रिटिश सन्मानही मिळाला.

आता तू 'रेप्लिकाज', 'सॅक्रिफाइस' आणि 'सॅव्हेज' याच क्रमाने ऐक. तिन्हींत आवाज तोच, किंचित नाकातला आणि एकाकी. तो तुला यंत्राचा वाटतो का, ते सविस्तर कळव.

तुझा,
अनिरुद्ध