आप्पा, जागलीला आता तुम्ही बसायचं नाही

ती. आई आणि आप्पा,
साष्टांग नमस्कार.

पत्र छोटी वाचून दाखवेल. छोटे, सावकाश वाच. आप्पा मधेच उठून बाहेर गेले तर तिथंच थांब, ते आले की पुढं वाच.

दादानं परवा सगळं सांगितलं. मला कळू द्यायचं नाही असं तुम्ही दोघांनी त्याला बजावलं होतं, तरी सांगितलं. त्याला रागवू नका. आप्पा, तुम्ही सलग तीन रात्री जागलीला बसलात, चौथ्या पहाटे चक्कर आली आणि वाघरीच्या जाळीच्या मेखेवर पडलात. आणि आई, तू त्यांच्या गुडघ्याला हळद लावून गप्प बसलीस. लांडग्यानं पाच कोकरं नेली, वाईट झालं. पण चक्कर काही लांडग्यानं आणली नाही, बीपीची गोळी आठ दिवस घेतली नव्हती म्हणून आली. ऐकल्यापासून मला जेवण गोड लागत नाही.

आता जे सांगायला जीभ रेटत नाही ते आधीच सांगून टाकते. मी दिवाळीला येत नाही. इथलं काम आणखी दोन वर्षांचं घेतलंय, सही करून झाली. आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आई हो म्हणाली असती आणि मग रात्री रडली असती. माघात तीन आठवड्यांची रजा मिळणार आहे. तेव्हा तुमचा तळ कोकणात असेल, मी थेट तळावरच येते.

आप्पा, तुमच्या मनात काय येणार ते मला ठाऊक आहे. पोरीला जनावरांची डॉक्टर करायला साठ बकरी विकली, आणि ती परदेशात जाऊन परत बकऱ्यांमागंच फिरतेय. खरं आहे. सध्या मी विद्यापीठात नाही, डोंगरावर आहे. इटलीत अब्रुत्सो म्हणून मुलूख आहे, त्यातला ग्रान सास्सो हा डोंगर. त्याच्या कुशीत कांपो इंपेरातोरे नावाचं भलंमोठं पठार आहे, समुद्रापासून 1,800 मीटर उंच. झाड शोधून सापडत नाही, नुसतं गवत. पहिल्या दिवशी ते बघितलं आणि पहिली आठवण तुमचीच आली. इतकं चरायला असतं तर तुम्ही गावातल्या कुणाच्या बांधाकडं बघितलंसुद्धा नसतं.

इथले मेंढकेही आपल्यासारखेच चालायचे. उन्हाळा डोंगरावर, थंडी पडली की खाली पुल्या नावाच्या मुलखाच्या मैदानात. डोंगराकडच्या लाक्विला शहरापासून मैदानातल्या फोज्जापर्यंतची वाट 244 किलोमीटर, आणि रुंदी ऐका, 111 मीटर! कळपांची वाट म्हणून सरकारदरबारी नोंदलेली, शेकडो वर्षांपासून. तुम्ही घाट उतरताना ट्रकवाल्यांच्या किती शिव्या खाता ते आठवलं आणि मला रडूच आलं. आता इथली बकरी ट्रकनं जातात, वाटेवर गवत वाढलंय. पण 2019 साली युनेस्कोनं या चालण्याला जगाचा वारसा म्हणून मान दिला. तुम्ही जन्मभर जे केलंत त्याच जातीचं काम आहे ते, हे गावात कुणी हिणवलं तर सांगा.

माझी काळजी करू नका. राहायला दगडी खोली आहे, आत लोखंडी चूल, गॅस, कोरडं अंथरूण. ऑगस्टातही रात्री कडाका असतो, पण आईनं दिलेलं घोंगडं आहे. ज्यांच्या कळपाबरोबर मी आहे त्या म्हाताऱ्या मेंढक्यांनी ते हातात घेऊन बोटांनी सूत चाचपलं आणि किती दिवस लागले विचारलं. बाजरीचं पीठ संपलं, इथलं मक्याचं पीठ चांगलं आहे, त्याची भाकरी थापते. काठ फुटतात, पण जमते. दूध, चीज भरपूर. आई, मी वाळले नाही. फोटोत दिसते ती उन्हानं.

आता कुत्र्यांचं. त्यासाठीच तर मी थांबलेय.

या कळपाला सहा कुत्री आहेत, पांढरी शुभ्र, केसाळ, अंगानं आपल्या कुत्र्याच्या दुप्पट. मारेम्मानो म्हणतात. बकरी वळवणं हे त्यांचं कामच नव्हे. बकऱ्यांत झोपायचं, बकऱ्यांत खायचं, आणि परकं काही आलं की बकऱ्या आणि त्याच्यामध्ये उभं राहायचं. गेल्या महिन्यात भरदुपारी धुकं उतरलं. धुक्यात लांडगा दिवसाही येतो. मला पाच हातांवरचं दिसेना, नुसत्या घंटा ऐकू येत होत्या. एकदम वरच्या अंगाला भुंकणं सुरू झालं. दोन कुत्री तिकडं धावली, आणि आप्पा, बाकीची चार जागची हलली नाहीत! एक लांडगा पुढून हूल देतो आणि दुसरा मागून शिरतो, हे तुम्हीच मला शिकवलंय. त्या चौघांना ते कुणी शिकवलं? तरी त्या दिवशी एक बकरी गेलीच, कळपापासून लांब पडली होती. कुत्री असली म्हणजे काहीच जात नाही, असं मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण त्या रात्री म्हातारे मेंढके खोलीत येऊन झोपले. जागलीला कुणी बसलं नाही. मी मात्र जागी होते, तुम्ही डोळ्यांपुढून हलत नव्हतात.

कुत्र्यांच्या गळ्यात लोखंडी पट्टा असतो, बाहेरून बोटभर लांब खिळे. लांडगा धरतो तो नरडंच धरतो. पहिल्यांदा तो पट्टा हातात घेतला तेव्हा आपला वाघ्या आठवला. मी चौथीत होते. सकाळी तो बाभळीखाली पडलेला होता, गळा फाटलेला, आणि तुम्ही त्याला स्वतःच्या मुंडाशात गुंडाळून पुरलंत. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते, तुम्ही त्याला वाचवलं नाही म्हणून. आप्पा, तेव्हा मला समज नव्हती. तुम्ही त्या रात्री कोकरांच्या वाघरीपाशी एकटे होतात, हे आईनं खूप वर्षांनी सांगितलं.

आता ऐका, हट्ट चालणार नाही.

इथलं पिल्लू मी आणणार नाही. एवढ्या केसांचं जनावर आपल्या उन्हाळ्यात टिकायचं नाही. आपली काळी कुत्री व्यायली आहे, तिचीच दोन पिल्लं ठेवा. आपला लांडगा इथल्यापेक्षा अंगानं लहान आहे, आपली कुत्री पुरतील, फक्त वाढवायची रीत बदलायची. पिल्लं किती आठवड्यांची झाली याचा हिशेब दादानं ठेवावा. पिल्लं दीड-दोन महिन्यांची झाली की कोकरांच्या वाघरीत सोडायची. खाणं तिथंच, झोपणं तिथंच. छोटे, आता तुझं ऐक. पिल्लाला उचलून पालात आणायचं नाही, अंथरुणात घ्यायचं नाही. मला माहीत आहे, जड जाईल. पण पिल्लाला तुझा लळा लागला तर ते तुझ्यामागं येईल आणि बकरी उघडी पडतील. सोबत एखादी खाष्ट म्हातारी बकरी ठेवा. पिल्लू कोकराचा कान ओढायला गेलं की ती अशी ढुशी देते की पुन्हा नाव काढत नाही. राखणीला भरवशाचं व्हायला दोन वर्षं जातात. मी इथं दोन पिल्लं जन्मापासून बघतेय, तीही तेवढाच वेळ घेतील. सहीमागचं हेच खरं कारण आहे.

तळावरच्या सगळ्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस द्या. पैसे दादाकडं पाठवलेत.

आणि विष. दादा म्हणाला, दोघंतिघं येऊन सांगून गेले की मेलेल्या कोकरात घालून ठेवा. आप्पा, तुम्ही कधी घातलं नाही. लांडग्याचाही वाटा असतो म्हणायचात. आता म्हातारपणी, रागाच्या भरात, घालू नका. इथंही विष आणि बंदूक चालून चालून 1970च्या सुमाराला सगळ्या इटलीत शंभरेक लांडगे उरले होते. मग कायद्यानं राखले, आता तीन हजारांच्या वर आहेत, आणि बकरीही आहेत. विषानं आधी मरतं ते आपलंच कुत्रं. बकरं मारलं गेलं तर हलवू नका, फोटो काढा, लगेच वनखात्याला कळवा, पंचनामा होऊ द्या. दोन फेऱ्या मारायला लागल्या तर दादा मारेल.

जागलीला दादा आणि चुलत्यांचा मोठा आळीपाळीनं बसतील, बोलणं झालंय. तुम्ही पालात झोपायचं. झोप येणार नाही, मला माहीत आहे. पडून राहा, भुंकणं ऐका, कुठल्या बाजूनं आहे ते तिथूनच त्यांना सांगा. तेवढं कुणालाच जमत नाही, फक्त तुम्हाला. गोळी सकाळी चहाबरोबर. आई, तू हातावर ठेव आणि गिळेपर्यंत हलू नकोस. तुझ्या डोळ्यांची तारीख दसऱ्याआधीची आहे, बिऱ्हाड निघायच्या आत उरकून घे, घाट उतरायच्या घाईत राहून जाईल.

रागावला असाल तर फोनवर रागवा, फोन बंद करू नका. रविवारी मी खाली उतरते, तिथं रेंज असते.

पट्ट्याचं चित्र मागच्या पानावर काढलंय. लोहाराला दाखवा, खिळ्यांची टोकं बाहेर आणि आतून जाड चामडं, नाहीतर मान सोलते. पिल्लांच्या मानेचं माप सुतळीनं घ्या आणि चार बोटं जास्त धरा, वाढती मान आहे.

तुमची,
लेक