कार्डशीटवर जीएसएम आणि ग्रेन लिहा

महोदय,

श्रावण लागला की राखीसाठी, गणपतीसाठी आणि पुढे दिवाळीसाठी हाताने शुभेच्छापत्रे बनवण्याच्या कृती पुरवण्यांतून येऊ लागतात. रंग कोणते घ्यावेत, स्टॅम्प कसा मारावा, हे त्यांत नीट दिलेले असते. कागद मात्र 'जाड कार्डशीट' एवढ्यावर उरकलेला असतो. मुंबईच्या पावसाळ्यात कार्ड बिघडण्याची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते. घडीवर कागद तडकतो, रंगाखालचा पांढरा गाभा उघडा पडतो आणि बनवणाऱ्याला वाटते की आपल्याच हातात कसब नाही.

कागदाला ग्रेन असते. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले बरेचसे तंतू यंत्राच्या चालीच्या दिशेने बसतात. घडी त्या दिशेला समांतर असेल तर ती स्वच्छ पडते, आडवी गेली तर तंतू मोडतात. ए-4 कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा असतो. ग्रेन लांब बाजूने असेल तर तो 297च्या मध्यावर, म्हणजे 148.5वर, आडवा कापावा आणि मिळालेला तुकडा 105वर दुमडावा. घडी ग्रेनला धरून पडते. त्याच कागदातून 105 रुंदीची लांब पट्टी काढून ती 148.5वर दुमडली, तर कार्ड त्याच मापाचे होते, पण घडी ग्रेनला छेदून जाते. 250 ते 300 जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन) कागदात हा फरक ताबडतोब दिसतो. दुमडण्याआधी पट्टी लावून संपलेल्या बॉलपेनाने क्रीझ मारावीच, तरी ती चुकीचे ग्रेन दुरुस्त करत नाही.

ग्रेन ओळखायला उपकरण लागत नाही. कागद न मोडता एकदा उभा, एकदा आडवा हलकेच वाकवून पाहावा. जिकडे तो सहज वाकतो, तिकडची वाकाची रेघ ग्रेनला समांतर असते. शंका राहिली तर 5 सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा एका बाजूने ओला करावा. तो नळीसारखा वळतो आणि नळीची लांबी ग्रेनची दिशा दाखवते. साच्यावर उचललेल्या हातकागदाला ग्रेन जवळजवळ नसते, तो कसाही दुमडा. मात्र त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर स्टॅम्पची बारीक रेघ तुटते आणि लांब तंतूंमुळे नाजूक डायची (कागदातून आकार कापणाऱ्या धातूच्या पात्याची) कड स्वच्छ निघत नाही.

दमट हवेत तंतू लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात. म्हणून एकमेकांवर चिकटवलेल्या थरांचे ग्रेन आडवे-उभे झाले की दोन दिवसांत कार्ड पापडासारखे वळते. सगळ्या थरांचे ग्रेन एकाच दिशेने ठेवावे आणि जुलै-ऑगस्टमध्ये मोठ्या थरांना पाण्यातला पांढरा गोंद न लावता डबल टेप वापरावी. ओल धरलेला कागद डायखाली नीट कापला जात नाही, चेंगरतो आणि कडेला लव राहते. अशा वेळी दाब वाढवत नेल्याने फक्त डाय दाबणाऱ्या मशीनच्या प्लेटी वाकतात. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद पिशवीत आडवा ठेवावा, नाजूक डायसाठी 160 ते 200 जीएसएम घ्यावा, डाय आणि कागदामध्ये बटर पेपर ठेवावा आणि सगळा संच 90 अंशांत फिरवून दुसऱ्यांदा मशीनमधून काढावा.

आता देवनागरी अक्षरांच्या डायबद्दल, कारण मराठी कार्डाचा जीव त्यांत आहे. शिरोरेषा सगळी अक्षरे एकत्र धरून ठेवते, ही आपल्या लिपीची मोठी सोय. पण भ, ध, थ यांच्या डोक्यावर ती डावीकडे तुटते. म्हणून 'शुभेच्छा' हा शब्द 'शु' आणि 'भेच्छा' असा दोन तुकड्यांत हाती येऊ शकतो. ग, ण, श यांचा दंड तर फक्त शिरोरेषेला लटकलेला असतो. ती दीड मिलिमीटरपेक्षा बारीक असली की दंड डुलतो आणि चिकटवताना वाकडा बसतो. 'आनंद'मधला अनुस्वार सुटून मशीनखाली हरवतो तो वेगळाच. यावर उपाय आहे. कागदाच्या मागे आधीच दुहेरी चिकट शीट लावावी, कापून झाल्यावर शब्द डायमध्ये असतानाच वरून मास्किंग टेप दाबावी आणि अख्खा शब्द टेपसकट उचलून कार्डावर ठेवावा. तुकडे जागेवरच राहतात. तरीही डाय बनवणाऱ्यांनी भ आणि ध यांच्या डोक्यावर एक बारीक सांधा दिला तर हा खटाटोप करावाच लागणार नाही. स्टॅम्पमध्ये याच्या उलट होते. अक्षर लहान असले की अनुस्वार आणि मात्रेमधली फट शाईने बुजते. तिथे शाईपॅड स्टॅम्पवर हलकेच टेकवावे, दाबू नये.

मुंबईतल्या स्टेशनरी विक्रेत्यांना आमची विनंती साधी आहे. रिमच्या वेष्टनावर जीएसएम छापलेला असतो. सुटे कागद कापून विकताना तो वेष्टनाबरोबर कचऱ्यात जातो. 22 बाय 28 इंची शीटमधून वाया कमी जावे अशा हिशोबाने तुकडे काढले की एकाच गठ्ठ्यात दोन्ही दिशांचे ग्रेन येऊ शकते. गठ्ठ्यावर जीएसएमचा आकडा आणि ग्रेनचा बाण असलेली एक चिठ्ठी लावावी. कृती छापणाऱ्या पुरवण्यांनीही 'जाड कार्डशीट'ऐवजी '250 जीएसएम, ग्रेन घडीला समांतर' असे छापावे. जागा तेवढीच लागेल.

– शुभेच्छापत्रे बनवणारे काही वाचक, दादर, मुंबई