घोळणा फुटला म्हणून

चि. सोहम यास अनेक आशीर्वाद.

आईला फोनवर सांगितलंस आणि वर ‘बाबांना सांगू नको’ म्हणालास. आपल्या घरात असलं काही टिकतं का? घोळणा फुटल्याचं ऐकून मी घाबरलो नाही. महिनाभर अधूनमधून फुटतोय आणि तू गप्प आहेस, याचा मात्र राग आला.

चिपळूणच्या दमट हवेतून तू एकदम नागपूरच्या उन्हाळ्यात गेलास. नाकाच्या मधल्या पडद्यावर, पुढच्या बाजूला, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं आणि त्यावरची त्वचा फार नाजूक. हवा कोरडी झाली की तिथे खपली धरते. मग बोट जातं. (तुझं तर जातंच, लहानपणापासून बघतोय.) खपली निघाली की धार लागते. नाकातलं बहुतेक रक्त याच जागेवरून येतं. त्यात तुला सर्दीची ॲलर्जी. सकाळी उठून दहा शिंका आणि खसाखसा नाक शिंकरणं, मग ती जागा भरून यायची कधी?

रक्त आलं की रूमवरची पोरं तुला आडवं करून मान मागे टाकायला लावत असतील, डोक्यावर पाणी ओतत असतील. कुणी कांदा फोडून हुंगायलाही देईल. मान मागे टाकली की रक्त थांबत नाही, घशात उतरतं, आणि मग उलटी होते. सरळ बस, थोडा पुढे वाक, तोंडाने श्वास घे. नाक चिमटीत धर, पण कुठे? आमच्या दुकानाच्या पायरीवर बसलेली माणसं नेमकी वरचं हाड दाबून धरतात. हाड संपतं त्याच्या खालचा मऊ भाग दाबायचा, दोन्ही नाकपुड्या मिटतील इतका. मोबाईलवर पंधरा मिनिटं लाव आणि मध्ये ‘थांबलं का’ म्हणून सोडून बघू नकोस. तोंडात आलेलं रक्त थुंकून टाक. कापसाचा बोळा कोंबू नकोस, तो काढताना धरलेली खपली घेऊनच बाहेर येतो. थांबल्यावर तो दिवस जिम नको, नाक शिंकरणं नको.

रात्री झोपताना नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब आणि पुढच्या भागात पेट्रोलियम जेलीचा हलका हात. नखं काप. ॲलर्जीचा स्प्रे तू मधल्या पडद्यावरच मारतोस, अशी मला शंका आहे. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने मार आणि डावीत उजव्या, म्हणजे फवारा बाहेरच्या बाजूला जातो. बंद नाक उघडायचे जे थेंब तुम्ही मुलं आठवडेच्या आठवडे वापरता, ते बंद कर. डोकेदुखीला ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेत असशील तर तेही नको, त्याने रक्त गोठायला वेळ लागतो.

आता दवाखान्याचं. पंधरा मिनिटं नीट दाबूनही थांबलं नाही तर आणखी पंधरा मिनिटं धर. तरीही चालूच असेल, भळाभळा घशात उतरत असेल, चक्कर येत असेल किंवा डोक्याला, नाकाला मार लागून आलं असेल, तर रात्रीचे दोन वाजले तरी मित्राला घेऊन कॅज्युअल्टी गाठ. ताप असेल आणि सोबत नाकातून रक्त, हिरड्यांतून रक्त किंवा अंगावर लाल ठिपके, तर ती डेंग्यूची खूण असू शकते. तेव्हा आमच्यासारख्या दुकानदाराचा सल्ला घेत बसायचं नाही.

तुझ्यासारखं वरचेवर येत असेल तर घाई नाही, पण नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचंच. नागपुरात मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलची ओपीडी आहे, मेयो हॉस्पिटलची आहे. ते आत उजेड टाकून बघतील, फुटणारी वाहिनी दिसली तर सिल्व्हर नायट्रेटने चटका देतील. थोडं झोंबतं, एवढंच. ‘दोन्हीकडून येतं की एकाच बाजूने?’ हे ते विचारतील आणि हे तू आईला सांगितलेलं नाहीस. एकाच बाजूने येत असेल आणि तीच बाजू सारखी चोंदत असेल, तर ते आधी सांग. तुझ्या वयाच्या मुलग्यांत क्वचित नाकाच्या मागे रक्तवाहिन्यांची गाठ वाढते. ती कर्करोगाची नसते, पण वाढते आणि खूप रक्त वाहवते. तुला ती असेल असं मला वाटत नाही, तरी ती नाही हे डॉक्टरांनी म्हटलेलं बरं. घरात कुणाला रक्त न थांबण्याचा आजार आहे का, असंही विचारतील. नाही. तुझी अक्कलदाढ काढली तेव्हाही रक्त वेळेत थांबलं होतं, तेही सांग.

केसपेपरचा फोटो मला पाठव, आईला नको, ती शेजारी वाचून दाखवेल. आंब्याची पेटी शनिवारी निघेल. आंबा उष्ण, त्याने घोळणा फुटतो असं आजी फोनवर म्हणेल. ‘हो आजी’ म्हण आणि खा.

तुझा,
बाबा