जुन्या गाडीला नवा जीव कसा आला, तेही छापा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या मसल कारवर, म्हणजे मोठं दमदार इंजिन घातलेल्या दोन दारांच्या गाड्यांवर, अर्धं पान आलं, वाचून लय आनंद झाला, आमच्या गॅरेजवर ते पान दिवसभर या हातातून त्या हातात फिरत होतं. पण साहेब त्यात नुसतं हॉर्सपॉवर अन् किंमत, आणि 'जुनीच गाडी पुन्हा आणली' असं एका ओळीत उरकून टाकलं. जुनीच गाडी नाही ना ती! मी आर्वी तालुक्यात डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो, पत्रा हाताखालून जातो रोज, म्हणून राहवलं नाही.

शेवरोलेची कॅमारोच घ्या. फोर्डची मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये आली अन् अमेरिकेतली तरणी पोरं तिच्यावर तुटून पडली, तिला टक्कर द्यायला शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सनं १९६७ चं मॉडेल म्हणून कॅमारो काढली. लांबलचक बॉनेट, मागची बाजू आखूड, पाहिजे तर समोर आठ सिलिंडरचं मोठं व्ही-८ इंजिन अन् जोर मागच्या चाकांवर. पुढं विम्याचे हप्ते वाढले, धुराचे नियम कडक झाले, १९७३ ला तेलाची टंचाई आली अन् या सगळ्याच गाड्यांची रग उतरली. कॅमारो त्यातूनही निभावली, पण शेवटी गिऱ्हाईक आटलं अन् २००२ ला बंद झाली.

मग जानेवारी २००६ मध्ये डेट्रॉइटच्या शोमध्ये नव्या कॅमारोचं कॉन्सेप्ट मॉडेल, म्हणजे विकायच्या आधी नुसता दाखवायचा नमुना, मांडलं. त्याच शोमध्ये डॉज कंपनीनं आपली चॅलेंजरही मांडली, ती १९७० च्या चॅलेंजरला बरीच धरून होती. कॅमारोवाल्यांनी डोळ्यासमोर ठेवली १९६९ ची गाडी, पण नक्कल नाही केली. बाहेरचं डिझाइन होतं सांगयुप ली यांचं, हा माणूस कोरियाचा, आधी शिल्पकला शिकला, मग कॅलिफोर्नियात जाऊन गाड्यांचं डिझाइन शिकला. आता जुन्या अन् नव्या कॅमारोचे फोटो शेजारी ठेवून पाहा, एक पत्रा जुळणार नाही. पण कपाळाखाली दबलेले हेडलाइट, मागच्या चाकाच्या पुढं उभ्या चिरा, अन् त्या चाकावर पत्र्याला आलेला फुगार, हे तिन्ही दिसले की माणूस लांबूनच म्हणतो, कॅमारो आहे.

त्या फुगाराबद्दल जरा जास्त लिहितो, माफ करा. सपाट पत्रा प्रेसमध्ये दाबणं सोपं अन् स्वस्त, खोल ओढला की तो फाटतो नाहीतर सुरकुततो. आमच्याकडं ठोकलेला मडगार्ड येतो तेव्हा हातोडा अन् डॉलीनं (पत्र्यामागं धरायचा लोखंडी ठोकळा) वर काढून, पुट्टी मारून, घासून झालं की आम्ही ट्यूबलाइट लावून तिचा उजेड त्या पत्र्यावर कसा पळतो ते पाहतो, रेघ कुठं मोडली की पुन्हा घासायचं. दरवाज्यापासून मागच्या चाकावर चढणारी अन् तिथून उतरणारी कॅमारोची ती वळणदार रेघ फोटोतही कुठं मोडत नाही. शिल्पकला शिकलेल्या माणसाचा हात आहे तो, मला तरी तसंच वाटते.

आत मात्र सगळं नवं. १९६९ च्या गाडीला मागं पाट्याचे स्प्रिंग होते, नवीला मागची दोन्ही चाकं आपापली खालीवर होतात. सांगाडा ऑस्ट्रेलियात जनरल मोटर्सच्याच होल्डन कंपनीनं विकसित केला, गाडी कॅनडात ओशावाला बनली, वरच्या मॉडेलला ६.२ लीटरचं इंजिन, ४२६ हॉर्सपॉवर. २०१० मध्ये तिनं विक्रीत मस्टँगला मागं टाकलं. खोटही आहे, काचा अरुंद, मागं वळून पाहिलं तर नीट दिसत नाही, डिक्कीचं तोंड लहान. अन् २०१६ च्या मॉडेलला हलका नवा सांगाडा दिला, गाडी चालायला सुधारली, पण चेहरा जवळपास तोच ठेवला, माझ्या मते तिथंच चुकलं, लोकांनी तीच गाडी पुन्हा काहून घ्यावी? विक्री घसरत गेली अन् डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंद.

आपल्याकडंही हेच चालू आहे. टाटाची सिएरा १९९१ ला आली तेव्हा तिला दोनच दरवाजे होते अन् मागची काच थेट छपरापर्यंत वळलेली. २०२५ ला आली तिला बाजूचे दरवाजे चार, सांगाडा वेगळा, पण मागच्या बाजूची ती काचेची ओळख डिझाइनवाल्यांनी राखली, त्यामुळं जुनी पाहिलेला माणूस रस्त्यात थांबून पाहते.

विनंती एवढीच, अशी गाडी छापाल तेव्हा डिझाइन करणाऱ्याचं नाव छापा, जुना-नवा फोटो शेजारी शेजारी छापा, अन् तो आकार काहून आला ते दोन ओळीत तरी सांगा. आमच्या गावचे पोट्टे आयटीआयला, पॉलिटेक्निकला जातात, काही जण वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढत बसतात, मास्तर रागावतात, घरचे रागावतात, पण हे पोटापाण्याचं काम असू शकते हे त्यांना कोणी सांगतच नाही. आयआयटी मुंबईत वाहन डिझाइनचा कोर्स आहे. तिथं परीक्षा कोणती द्यावी लागते, चित्रकलेची तयारी कशी करायची, खर्च किती येते, याच्यावर पुरवणीत एक पान द्या साहेब, अन् जमलं तर दहावी-बारावीच्या निकालाआधी द्या.

आपला,
एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा