कपात अर्धी कॉफी, ट्रेमध्ये अर्धं पाणी: ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीनबद्दल तक्रार

नमस्कार,

तुमच्या कंपनीचं फुल ऑटोमॅटिक एस्प्रेसो मशीन आमच्या घरी आहे, म्हणजे वरून बीन्स टाकायच्या, टाकीत पाणी भरायचं, बटण दाबायचं आणि दळण्यापासून कप भरेपर्यंत सगळं आतल्या आत होतं ते. मशीन अजून वॉरंटीत आहे. त्याच्या बिघाडाबद्दल चॅटवर बोलून झालं, फोनवर बोलून झालं, टेक्निशियन घरी येऊन बघून गेला, आणि आता तुमचा मेसेज आलाय की ‘ग्राहकाने डिस्केलिंग करावे, तक्रार बंद करण्यात येत आहे’, म्हणजे आत साठलेला क्षार मी काढायचा. मशीन होतं तसंच बिघडलेलं आहे. त्यामुळे माझ्याकडून ही तक्रार बंद झालेली नाही, आणि कृपा करून हे पत्र तुमच्या सर्व्हिस विभागातल्या अशा कोणाला तरी वाचायला द्या ज्यांनी स्वतःच्या हातानं ब्रू ग्रुप, म्हणजे दळलेली कॉफी दाबून तिच्यातून पाणी सोडणारा मशीनच्या आतला भाग, उघडलाय.

बिघाड काय आहे ते परत एकदा नीट लिहितो, कारण प्रत्येक वेळी नवीन माणूस फोन घेतो आणि त्याच्यासमोर फक्त ‘कॉफी कमी येते’ एवढंच लिहिलेलं असतं. एस्प्रेसोचं माप मी 40 मिलिलिटरवर सेट केलंय. आधी कपात तेवढीच यायची, जाडसर, वर छान क्रेमा, म्हणजे सोनेरी फेस, असायचा. आता कपात 25 च्या आसपास येते, तीही पातळ आणि कोमट, आणि सांडलेलं पाणी जमा होणारा खालचा ड्रिप ट्रे मात्र भराभर भरतो. ट्रेमध्ये थोडं पाणी पडणारच हे मला माहितीये, मशीन चालू-बंद करताना रिन्स होतं, म्हणजे ते आतून स्वतःला धुतं, आणि प्रत्येक कॉफीनंतर आतलं प्रेशर सोडलं जातं तेव्हाही थोडं पाणी खाली जातं, त्या पाण्याबद्दल माझी तक्रार नाहीये. रिन्स होऊन गेल्यावर मी ट्रे काढून कोरडा पुसला, परत बसवला, एक एस्प्रेसो काढली आणि लगेच कप आणि ट्रे दोन्ही वजनकाट्यावर ठेवले. कपातून जेवढी कॉफी गायब होती जवळपास तेवढंच पाणी ट्रेमध्ये होतं, फिकट तपकिरी, कॉफीचा वास येणारं. आणि ते पंप चालू असतानाच आतून टपटप पडत होतं, व्हिडिओत आवाजासकट ऐकू येतंय. चोथ्याची वडी आधी घट्ट, कोरडी पडायची, आता लिबलिबीत पडते आणि डब्यात पडल्या पडल्या फुटते.

आता मशीन एवढं पाणी खाली सोडतंय तरी एरर का देत नाही, तर त्याचंही कारण साधं आहे आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती असायला हवं. पाणी मोजणारा फ्लोमीटर टाकी आणि पंपाच्या मध्ये बसवलेला असतो. टाकीतून किती पाणी उचललं तेवढंच त्याला कळतं, कपात किती पोचलं ते त्याला कळायचा काही मार्गच नाही. चोथ्यात मुरणारं पाणी धरून त्याला जेवढं मोजायला सांगितलंय तेवढं मोजून झालं की तो पंप थांबवतो. मधल्या रस्त्यात अर्धं पाणी गळून गेलं तरी मशीनच्या लेखी कॉफी व्यवस्थित झाली. म्हणून तुमची फोनवरची ताई मला सारखं विचारत होती की ‘सर, स्क्रीनवर एरर काय दाखवतंय?’ आणि मी सारखं सांगत होतो की काहीच नाही, आणि त्यावर ती म्हणाली की मग मशीन ओके आहे. मशीन ओके नाहीये हो, त्याला फक्त कळत नाहीये.

गळतंय कुठून तेही मी बघितलं. बाजूचं दार उघडून ब्रू ग्रुप बाहेर काढला, जसा दर आठवड्याला काढून नुसत्या कोमट पाण्याखाली, साबण न लावता धुतो, मॅन्युअलमध्ये सांगितलंय तसंच. वरच्या पिस्टनला जी लाल ओ-रिंग आहे ती एका बाजूनं पार चपटी झालीये, नखानं दाबलं तर कडक लागते आणि जाळीच्या कडेजवळ तिला बारीक चीर गेलीये, त्या चिरेत कॉफीचा काळा चिकट थर जाऊन बसलाय तो ब्रशनंही निघत नाही. बाकीची रिंग चकचकीत आणि तेवढाच भाग काळा, फोटोत स्पष्ट दिसतंय. हीच रिंग पिस्टन आणि चेंबर यांच्यामधली फट बंद करते. गरम पाणी प्रेशरनं चोथ्यातून जायचं तर बाजूनं वाट मिळाली की ते बाजूनंच जाणार, पाण्याला काय, सोपी वाट मिळाली की झालं. कुकरची रिंग सैल झाली की शिट्टी होत नाही आणि बाजूनं वाफ जाते, तेव्हा कोणी कुकर आतून घासत बसत नाही, रिंग बदलतात.

आणि तुम्ही मला काय सांगितलंत? डिस्केलिंग करा. केलं. परत फोन केला तर म्हणे परत करा. डिस्केलिंग हे हीटर आणि नळ्यांमध्ये साठलेला कॅल्शियमचा क्षार आम्लानं विरघळवण्यासाठी असतं. क्षार साठला तर पाणी नीट तापत नाही, धार बारीक होते, पंप जोर लावल्यासारखा आवाज करतो. पण क्षारामुळे पाणी पिस्टनच्या बाजूनं निसटून ट्रेमध्ये कसं जाईल, हे मला तुमच्यापैकी एकानंही समजावून सांगितलेलं नाही, मी प्रत्येक वेळी विचारलंय. शिवाय मशीनसोबत आलेल्या पट्टीवर मी पाणी तपासलंय, आमचं पाणी सॉफ्ट आहे, आणि तसंच सेटिंग मी ठेवलं होतं. तुमच्या चॅटवरच्या माणसानं मला ते ‘सेफ्टीसाठी’ सगळ्यात हार्ड पाण्यावर ठेवायला लावलं. डिस्केलिंगचा दिवा काही आत डोकावून क्षार बघत नाही, किती पाणी गेलं आणि हार्डनेस कितीवर ठेवलाय याचा हिशेब करून तो लागतो. म्हणजे सॉफ्ट पाण्याला हार्डचं सेटिंग दिलं की कारण नसताना दिवा लागणार, कारण नसताना आत आम्ल फिरणार आणि तुमची डिस्केलिंगची बाटली जास्त लागणार. मी सेटिंग परत होतं तसं केलंय. असा सल्ला ग्राहकांना देणं बंद करा, हे मी अगदी मनापासून सांगतोय, कारण सगळेच जण पट्टीचा कागद जपून ठेवत नाहीत, ते तुमच्यावर विश्वास ठेवून जे सांगाल ते करतात.

त्याहून वाईट म्हणजे तुमचा दुसरा सल्ला, ‘कॉफी पातळ येतेय तर ग्राइंड बारीक करा’. केलं, ग्राइंडर फिरत असतानाच नॉब एक एक घर फिरवत, जसं करायला हवं तसं. पण बारीक दळलं की पाण्याला चोथ्यातून जायला अडथळा वाढतो, अडथळा वाढला की प्रेशर वाढतं, आणि प्रेशर वाढलं की फाटक्या रिंगच्या बाजूनं आणखी जास्त पाणी निसटतं. झालंही तेच, कपात थेंब थेंब कडू कॉफी आणि ट्रे आणखी लवकर भरलेला. बॉक्सवर तुम्ही 15 बार (बार म्हणजे प्रेशरचं माप) मोठ्या अक्षरात छापलंय. एस्प्रेसोला चोथ्यावर साधारण 9 बार लागतात, 15 हा पंपाचा जास्तीत जास्त आकडा आहे, ते ठीक आहे. पण सील झिजलं असेल तर पंप 15 चा असो की 19 चा, चोथ्यावर पुरेसं प्रेशर तयारच होत नाही. विजेच्या पंपानं 9 बारला एस्प्रेसो काढणारं फेमा या इटालियन कंपनीचं ई61 मशीन 1961 मध्ये आलं, म्हणजे हे तंत्र काही काल आलेलं नाही, आणि उकळत्या पाण्याच्या जवळ प्रेशरखाली काम करणारं रबर झिजतं, ते ठराविक काळानं बदलावं लागतं हे कॅफेतल्या प्रत्येक माणसाला माहिती असतं. ते घरातल्या मशीनलाही लागू आहे एवढंच मी म्हणतोय.

टेक्निशियनबद्दल माझी तक्रार नाही, उलट तो मुलगा चांगला होता. त्यानं ब्रू ग्रुप काढला, रिंगवर बोट फिरवलं आणि स्वतःच म्हणाला की ‘ही गेलीये’. मी म्हटलं मग बदल. तर म्हणाला आम्हाला सुटी रिंग मिळत नाही, ऑफिसला विचारावं लागेल. त्यानं ऑफिसला फोन लावला, बाहेर जाऊन बराच वेळ बोलला, आत आला तेव्हा त्याचा सूर बदललेला होता आणि रिपोर्टवर लिहिलं ‘तेलकट बीन्सचा वापर, देखभालीचा अभाव, डिस्केलिंग आवश्यक’. माझ्या हॉपरमधल्या, म्हणजे वरच्या डब्यातल्या, बीन्स त्यानं माझ्यासमोर हातात घेतल्या होत्या, मिडियम रोस्ट, कोरड्या, बोटाला तेलाचा अंशही लागला नाही. डार्क रोस्टच्या चमकणाऱ्या बीन्सनं हॉपर आणि ग्राइंडर चिकट होतो म्हणून मी त्या मुद्दाम टाळतो. देखभालीचं म्हणाल तर ब्रू ग्रुप धुतलेला आहे, पिस्टनच्या रेल्सना तुमच्याच मॅन्युअलप्रमाणे खाण्याच्या वस्तूंना चालणारं सिलिकॉन ग्रीस लावलेलं आहे, दुधाची नळी रोज साफ होते. तो रिपोर्ट खोटा आहे, आणि तो माझ्या नावावर तुमच्या रेकॉर्डला राहिला तर उद्या ग्राइंडर बिघडला तरी तुम्ही तोच पुढे कराल, म्हणून मला तो बदलून हवाय.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर तुमच्याकडून आजपर्यंत सरळ उत्तर आलेलं नाही. वॉरंटीत रिंग बदलून द्या म्हटलं तर तुम्ही म्हणता रिंग हा झिजणारा भाग आहे, वॉरंटीत येत नाही. ठीक, मग विकत द्या म्हटलं तर म्हणता सुटी रिंग ग्राहकाला विकत नाही, पूर्ण ब्रू ग्रुप घ्यावा लागेल, तोही माझ्या खर्चानं. या दोन गोष्टी एकत्र कशा चालतील? झिजणारा भाग आहे हे तुम्ही स्वतः मान्य करताय तर तो वॉटर फिल्टरसारखा, डिस्केलिंगच्या बाटलीसारखा विकायला ठेवा, पार्ट नंबरसकट. आणि झिजणारा नाही म्हणत असाल तर वॉरंटीत बदला. एका बोटभर रबरासाठी गिअर, पिस्टन, जाळी, चेंबर, सगळं चांगलं चालणारं प्लास्टिक कचऱ्यात टाकायला मी तयार नाही. ब्रू ग्रुप काढता येतो, घरच्या घरी धुता येतो हे तुम्ही जाहिरातीत अभिमानानं सांगता, आणि तेच बघून मी हे मॉडेल घेतलं, ज्यांचा ब्रू ग्रुप आत फिक्स असतो ती मशीन बाजूला ठेवून. काढता येतो तर दुरुस्तही करता यायला हवा ना.

ऑटोमॅटिकच का घेतलं तेही सांगतो. आईच्या मनगटात जोर राहिलेला नाही, साध्या मशीनचा पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायचं दांड्याचं भांडं, घट्ट फिरवून लावणं, कॉफी टॅम्परनं दाबणं तिला जमत नाही, आणि तिला कॉफी तर स्वतःच्या हातानं, स्वतःच्या वेळेला करून प्यायची असते, कोणाला उठवून नाही. या मशीनमुळे तिला ते जमायला लागलं होतं. संध्याकाळी ती बायपासच्या, म्हणजे तयार पावडर थेट टाकायच्या, झाकणातून चमचाभर डिकॅफ (कॅफीन काढलेली) पावडर टाकते आणि बटण दाबते. आता तिला अर्धा कप कोमट पाणी मिळतं आणि वर भरलेला जड ट्रे न सांडता सिंकपर्यंत न्यावा लागतो, तो तिला झेपत नाही. हे तुमच्या तक्रारीच्या फॉर्ममध्ये कुठल्याच रकान्यात बसत नाही म्हणून इथे लिहिलं.

मला काय हवंय ते स्पष्ट लिहितो. पिस्टनच्या ओ-रिंगचा सेट पाठवा, वॉरंटीत देत असाल तर उत्तम, नसाल तर किंमत कळवा मी देतो, बसवणं मी करीन किंवा तुमचा माणूस करेल, पण तो येणार असेल तर रिंग सोबत घेऊनच यावा. रिंग देणं खरंच शक्य नसेल तर तुमच्या खर्चानं ब्रू ग्रुप बदला. सर्व्हिस रिपोर्टमधली तेलकट बीन्सची आणि देखभालीची ओळ काढून सुधारित रिपोर्ट ईमेलवर पाठवा. आणि फोनवर बसणाऱ्या तुमच्या टीमला एवढं तरी शिकवा की कॉफी कमी येते अशी तक्रार आली की पहिला प्रश्न ‘ट्रेमध्ये नेहमीपेक्षा जास्त पाणी येतंय का’ हा विचारायचा, डिस्केलिंग नंतर. या एका प्रश्नानं कितीतरी लोकांचा वेळ आणि आम्लाच्या बाटल्या वाचतील. मॅन्युअलमध्ये रिंग कधी तपासायची, कशी तपासायची त्याचं एक पान घाला, आत्ता फक्त ग्रीस लावा एवढी एक ओळ आहे.

सोबत पंप चालू असताना खाली पडणाऱ्या पाण्याचा व्हिडिओ, रिंगचे जवळून घेतलेले फोटो, वजनकाट्यावरच्या कप आणि ट्रेचे फोटो, पाणी तपासलेल्या पट्टीचा फोटो, बिल आणि तुमचा सर्व्हिस रिपोर्ट जोडलाय. उत्तर फोनवर नको, ईमेलवर लेखी द्या, आणि रिंग देताय की ब्रू ग्रुप बदलताय ते त्यात स्पष्ट लिहा.

आपला,
एक ग्राहक